अँजिओग्राफी मनगटातून की जांघेतून? आईसाठी विचारतोय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईचं वय ६६. शुगर वीसेक वर्षांची जुनी, बीपी आहे, उंची जेमतेम पाच फूट आणि वजन ४६ किलो. महिनाभर जिना चढला की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं, थांबलं की जातं. ती पित्त समजून आमसुलाचं पाणी पीत बसली आणि आम्हाला सांगितलंच नाही. ट्रेडमिलची टेस्ट गुडघ्यांमुळे जमण्यासारखी नव्हती. इको बघून डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफी करून टाकू. इथवर सगळं ठीक.

पण ते म्हणाले "यांची जांघेतून करू". मी विचारलं मनगटातून नाही का होणार, तर म्हणाले "यांच्या बाबतीत जांघेतूनच बरी" आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. आता माझ्या ऑफिसातल्या तिघांची, मामाची, समोरच्या काकांची, सगळ्यांची मनगटातून झालीय. आणि जांघ म्हटल्यावर आईनं जी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. डॉक्टर साठीचे आहेत, हात जुन्या पद्धतीला बसलाय म्हणून असं करतात का? डॉक्टर बदलू का? पुढच्या गुरुवारची तारीख दिलीय.

पोहेवाला
माझी मनगटातून. सकाळी ११ ला आत, सव्वाअकराला बाहेर, दुपारी कँटीनमध्ये स्वतःच्या पायांनी जाऊन पोहे खाल्ले. डॉक्टर बदला.

सोनचाफा
+१. आजच्या काळात जांघेतून?? बदला.

टेकडीवरचा
मी दोन्ही भोगलेत त्यामुळे अधिकारवाणीने लिहितो :)

पहिली २००६ साली, जांघेतून. आदल्या रात्री एक पोरगा वस्तरा घेऊन आला, तिथून अपमान सुरू. प्रत्यक्ष अँजिओ काहीच नाही हो, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, समोर पडद्यावर आपलंच हृदय बघायचं. खरी गंमत नंतर. नळी काढल्यावर एक दणकट माणूस पंधरा-वीस मिनिटं मुठीने जांघ दाबून उभा होता, गप्पा पण मारत होता, कुठले तुम्ही वगैरे, आणि मग वर वाळूची पिशवी ठेवली आणि सांगितलं पाय सहा तास हलवायचा नाही. सहा तास! पाठीला रग लागली, नाकाला खाज सुटली तरी वाटायचं पाय हलेल. लघवी बाटलीत, आणि आडवं पडून ती होत नाही हे ज्याला माहीत त्यालाच माहीत. दुसऱ्या दिवशी जांघेपासून गुडघ्यापर्यंत वांग्याच्या रंगाचा डाग, तो महिनाभर.

दुसरी २०१९ ला, उजव्या मनगटातून, सोबत एक स्टेंट. मनगटावर घड्याळासारखा प्लॅस्टिकचा पट्टा, त्यात हवा भरलेली, दर थोड्या वेळाने नर्स येऊन सिरिंजने थोडी थोडी हवा काढायची. मी त्या वेळात खुर्चीत बसून पेपर वाचला. तेव्हा तुलनाच नाही. फक्त एक, सुरुवातीला हातात कळ आली होती, कोपरापर्यंत, ती मात्र जांघेत आली नव्हती.

शंकासुर
जांघेतून केली की एक रात्र जास्त राहावं लागतं. एक रात्र म्हणजे रूमचं बिल. बाकी समजून घ्या.

खेकडाकरी
@शंकासुर तुम्हाला मोतीबिंदूच्या धाग्यावर पण रूमचं बिलच दिसलं होतं.

कॅथलॅबी
मी कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात ती खोली) टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेव्हा सल्ला नाही, फक्त आतून काय दिसतं ते सांगतो.

आमच्याकडे आता बहुतेक सगळ्या केसेस मनगटातूनच होतात. त्याचं कारण आराम हे नाहीये, तो बोनस. खरं कारण रक्तस्राव. मनगटातली धमनी कातडीच्या अगदी खाली असते आणि तिच्या मागे हाड. बोटाने दाबली की बंद, बात खतम. जांघेतली मोठी आणि खोल, तिथून रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत झिरपायला लागलं तर बाहेर थेंब दिसत नाही आणि आत अर्धा-एक लिटर जमा होतं. पेशंट म्हणतो पाठ दुखतेय, आपण म्हणतो झोपून झोपून दुखत असेल, आणि बीपी पडायला लागतं. असं एकदा जरी बघितलं ना तर मनगटाची किंमत कळते. हार्ट अॅटॅकमध्ये आलेल्या माणसाला तर रक्त पातळ करायची दोन-तीन औषधं आधीच दिलेली असतात, त्याला जांघेत भोक पाडणं म्हणजे विचार करा.

पण मनगटाचेही नखरे आहेत. ती धमनी असते दोन-अडीच मिलिमीटरची. आपण घालतो ती शीथ, म्हणजे बाहेरची नळी जिच्यातून बाकीची सगळी सामग्री ये-जा करते, ती ६ फ्रेंचची असेल तर बाहेरून अडीच मिमीच्या आसपास भरते (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, पण ते माप आतल्या पोकळीचं). म्हणजे कित्येकदा बांगडीपेक्षा हात मोठा अशी गत. बायकांमध्ये, त्यातून बारीक चणीच्या, तर फारच. धमनी चिडते आणि आवळून धरते, त्याला आम्ही स्पाझम म्हणतो. टेकडीवरच्यांना आलेली कळ बहुतेक तीच. त्यासाठी शीथ गेल्या गेल्या आत औषध सोडतात, नायट्रोग्लिसरीन नाहीतर व्हेरापामिल, आम्ही त्याला कॉकटेल म्हणतो, पेशंटला आधी सांगून ठेवावं लागतं नाहीतर त्याचा चेहरा खुलतो.

शिवाय कोपराजवळ काहींच्या धमनीला चक्क गाठ मारल्यासारखा पूर्ण गोल वळसा असतो. वय झालेल्या, बीपीच्या, बुटक्या बायकांमध्ये खांद्याच्या आतली रक्तवाहिनी नागमोडी झालेली असते. मग वायर पुढेच जाईना. अशा वेळी हट्ट न करता दुसरा हात नाहीतर जांघ घ्यायची. त्यामुळे कृष्णाकाठ, तुमच्या डॉक्टरांनी वय, उंची बघून आधीच ठरवलं असेल अशी एक शक्यता. पण नुसतं तेवढ्यावरून आजकाल सहसा कुणी सोडत नाही, एकदा प्रयत्न करतातच. दुसरं काही कारण आहे का ते विचारा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे आईंचं?

तबलानवाज
माहितीपूर्ण प्रतिसाद. एक शंका, स्वार्थी आहे. मी तबला वाजवतो (हौशी, पण रोज दोन तास). मला मनगटातून सांगितलीय. ती नस बंद पडली तर हात जाईल का?

कॅथलॅबी
@तबलानवाज बंद पडू शकते, काही जणांची पडते. पण हात जात नाही, कारण तळहाताला दोन नळ आहेत, एक अंगठ्याच्या बाजूने, एक करंगळीच्या, आणि दोघं तळहातात कमानीसारखे एकमेकांना जोडलेले. एक बंद झाला तरी दुसरा पाणी पुरवतो. बऱ्याच लोकांना बंद झालीय हे कळतही नाही, पुढच्या वेळी आम्ही नाडी शोधायला जातो तेव्हा कळतं.

पूर्वी आधी तपासायचे: मूठ घट्ट आवळायची, दोन्ही धमन्या दाबून धरायच्या, मूठ उघडली की तळवा पांढराफटक, मग करंगळीकडची सोडायची आणि काही सेकंदांत लाली येते का बघायचं. अॅलन टेस्ट. एडगर अॅलननं १९२९ साली काढली ती, वेगळ्याच आजारासाठी. आता बरेच जण करत नाहीत, कारण टेस्ट बिघडलेली आली तरी हाताला काही झालं नाही असं दिसून आलंय.

बंद पडू नये म्हणून हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात, आणि पट्टा आवळताना रक्त थांबेल पण धमनी पूर्ण चेपणार नाही इतपतच आवळायचा. ही कला आहे, नवीन पोरं रक्ताच्या भीतीने करकचून आवळतात. तुम्ही डॉक्टरांना तबल्याचं सांगा. डाव्या-उजव्याचा विचार करता येतो.

तबलानवाज
डावा घेतला तर बायाँ जाईल, उजवा घेतला तर दायाँ :( पायातून वाजवता येतं का बघतो.

नाडीचे_ठोके
मी आयुर्वेदवाला. तुम्ही ज्या धमनीत भोसकाभोसकी करताय तीच आम्ही तीन बोटांनी शतकानुशतकं बघतोय, तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. पुरुषांचा उजवा हात, स्त्रियांचा डावा. गेल्या वर्षी एक आजोबा आले, उजव्या हाताला नाडीच नाही. मी गार! डाव्या हाताला घोड्यासारखी. मग त्यांनी सावकाश सांगितलं की 'चार वर्षांपूर्वी तिथून अँजो केली व्हती'.

पोहेवाला
म्हणजे वात, पित्त, कफ तिन्ही शमले!

मात्राभेद
चर्चा चांगली चाललीय पण एक विनंती, नस म्हणजे शीर, म्हणजे नीला. रक्त हृदयाकडे नेते ती नीला, हृदयाकडून आणते ती धमनी. अँजिओग्राफी धमनीतून होते. वर एका प्रतिसादात 'नस' आलंय.

खेकडाकरी
आमच्याकडे 'शीर' दुखते ती मानेत. बाकी सगळ्या नसा.

अटलांटिकपार
मी माँट्रियलला असतो. या शहराचा या विषयाशी थेट संबंध आहे म्हणून लिहितो, थोडं अवांतर वाटलं तर सोडून द्या.

हृदयापर्यंत नळी पहिल्यांदा गेली ती हातातूनच. १९२९, जर्मनीतलं एबर्सवाल्डे, वेर्नर फोर्समन नावाचा पंचविशीतला डॉक्टर, वरिष्ठांनी मनाई केलेली. त्यानं स्वतःच्याच कोपराच्या नीलेतून (@मात्राभेद, नीलाच होती ती) नळी घातली आणि तशीच लोंबकळत ठेवून एक्सरे काढायला जिने उतरून गेला. नोबेल मिळालं १९५६ ला. मग क्लीव्हलँडला मेसन सोन्स कोपराजवळ चिरा देऊन काम करायचे, त्यांच्या हातून १९५८ साली डाय (एक्सरेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात तो द्रव) चुकून थेट कोरोनरीत, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या धमनीत गेला, सगळ्यांना वाटलं पेशंट गेला, तर तो खोकून जागेवर आला आणि त्या चुकीतून अँजिओग्राफी जन्मली. १९६७ ला जडकिन्सनी जांघेतून करायच्या ठरावीक वळणाच्या नळ्या आणल्या, त्या इतक्या सोप्या होत्या की वीस-पंचवीस वर्षं जग जांघेतच अडकलं.

मनगट आलं ते इथून. माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमधल्या लुसियाँ काँपो यांनी १९८९ साली मनगटातून केलेल्या शंभर अँजिओग्राफींचा अनुभव छापला. मग १९९२ ला अॅम्स्टरडॅममध्ये फर्डिनांड कीमेनेय यांनी तिथूनच अँजिओप्लास्टी (ब्लॉकेज उघडायचं काम) केली. तरी अमेरिकेचं बघा, २००७ पर्यंत तिथे शंभरातल्या दोनसुद्धा मनगटातून होत नव्हत्या. हात बसलेला असतो हो, तो उठत नाही. त्यामुळे धागाकर्त्याची शंका अगदीच वेडी नाही.

पारडं फिरलं ते मोठ्या चाचण्यांनी. २०११ ची रायव्हल, इथे कॅनडातच हॅमिल्टनहून चालवलेली, ७०२१ पेशंट. मृत्यू, अॅटॅक वगैरे धरून मुख्य निकाल दोन्हीकडे सारखा, पण रक्तवाहिनीची मोठी गुंतागुंत मनगटात १.४ टक्के आणि जांघेत ३.७ टक्के. मग २०१५ ला मेट्रिक्स, ८४०४ पेशंट, त्यात मृत्यूही मनगटाच्या गटात कमी निघाले. आता युरोप-अमेरिका दोन्हीकडच्या मार्गदर्शक सूचना मनगट पहिलं असंच सांगतात.

झुळूक
आपल्याकडेही अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यातलं मोठं नाव आहे ना? त्यांनीच २०१८ ला गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून बत्तीसेक किलोमीटरवरच्या पेशंटची रोबोने अँजिओप्लास्टी केली होती.

कॅथलॅबी
हो तेच. मनगटातून काम करायला जगभरातले डॉक्टर त्यांच्याकडे शिकलेत.

शंकासुर
मंदिरात बसून? म्हणजे प्रसाद पण बिलात.

सोनचाफा
अवांतर पण महत्त्वाचं. मनगटातून असेल तर बांगड्यांचं आधी बघा हं. माझ्या सासूबाईंच्या हातात पाटल्या, पस्तीस वर्षांत निघाल्या नव्हत्या, हात सुजलेला, साबण लावला, खोबरेल लावलं, प्लॅस्टिकची पिशवी घालून सरकवायचा यूट्यूबवाला प्रकार केला. शेवटी सोनाराकडे नेऊन कापल्या. आणि हिरव्या काचेच्या काढायला त्या तयारच नाहीत, सासरे समोर ठणठणीत उभे असताना हात रिकामा कसा करू म्हणून. नर्सनं डोकं चालवलं, म्हणाली आजी डाव्या हातात सगळ्या घाला, उजवा मला द्या. चार डझन बांगड्या एका हातात घालून त्या टेबलवर झोपल्या आणि आतून किणकिण ऐकू येत होती, आम्ही बाहेर बसून म्हणत होतो चला, अजून हालचाल आहे.

टेकडीवरचा
हाहाहा. पाटल्यांचं वजन केलं का सोनारानं परत देताना?

सोनचाफा
तो वेगळा धागा काढावा लागेल.

पोहेवाला
मनगटवाल्यांसाठी टीप: दोन-चार दिवस त्या हाताने बादली, सिलिंडर, गाडीची किक काही नाही. मी तिसऱ्या दिवशी पाण्याचा कॅन उचलला, मनगटावर लिंबाएवढं टेंगूळ.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. @कॅथलॅबी तुम्ही विचारलंत म्हणून फाईल काढली. क्रिएटिनिन २.४ आहे. दोन वर्षांपूर्वी १.७ होतं. किडनीच्या डॉक्टरांकडे चालू आहे तिचं, ते म्हणालेत सध्या गोळ्यांवर सांभाळू. पण हृदयाची तपासणी आणि किडनी यांचा मनगटाशी काय संबंध? डाय किडनीला वाईट हे माहितीय, पण डाय तर कुठूनही घातला तरी तोच ना?

कॅथलॅबी
आलं लक्षात. मला वाटलंच होतं. याचं उत्तर माझ्यापेक्षा इथलं दुसरं कुणी जास्त चांगलं देईल, पण थोडक्यात, किडनी पुढे थकली तर डायलिसिससाठी हातातल्याच धमनीची गरज लागते. ती आधी वापरून बसू नये म्हणून.

देवघर
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझे मिस्टर सात वर्षं डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी हातात फिस्टुला करतात. मनगटातली धमनी शेजारच्या नीलेला जोडून टाकतात, मग धमनीच्या जोरानं ती नीला फुगते, जाड होते, सहा-आठ आठवड्यांनी सुया टोचण्याजोगी होते. हात लावला की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. आमच्या घरात सकाळी उठल्यावर पहिलं काम देवाला दिवा नाही, आधी त्यांच्या हाताला हात लावून थरथर आहे ना ते बघणं. ती लाईफलाईन आहे. गळ्यातल्या कॅथेटरनं पण डायलिसिस होतं पण त्यात इन्फेक्शन, ते आम्ही दोनदा बघितलंय आणि तिसऱ्यांदा बघायचं नाही.

त्यांची अँजिओग्राफी आधी झाली होती, २०१४ ला, डाव्या मनगटातून. तेव्हा क्रिएटिनिन २ च्या वर होतं, पण हृदयाच्या डॉक्टरांना किडनीचं आणि किडनीच्या डॉक्टरांना हृदयाचं कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही, आम्हाला काय माहीत सांगायचं असतं. सगळं छान झालं, संध्याकाळी घरी. तीन वर्षांनी फिस्टुला करायला गेलो तर सर्जननं डॉपलर (रक्त वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी) करून सांगितलं डाव्या मनगटातली धमनी बंद आहे, इथे होणार नाही. मग कोपरापाशी केला. तो चालतोय देवाच्या कृपेनं, पण फिस्टुला कायमचा टिकत नाही, म्हणून आधी मनगटापाशी करतात, तो गेला की वर सरकतात. आमची खालची पायरी आधीच वापरून झाली होती.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी आईंची फाईल वाचून जांघ म्हटली असेल तर त्यांच्या पाया पडा. नीट समजावून सांगितलं नाही ही त्यांची चूक, ती वेगळी.

पोहेवाला
मी वर 'डॉक्टर बदला' लिहिलं होतं. मागे घेतो.

सोनचाफा
मी पण. @देवघर, मिस्टरांना लवकर आराम पडो, म्हणजे, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते.

अटलांटिकपार
देवघर ताईंचा अनुभव वाचून गप्प व्हायला झालं, तरी एक दुसरी बाजू मांडतो, वाद म्हणून नाही. मेट्रिक्समध्येच पुढे असं दिसलं की अँजिओनंतर किडनीला इजा होण्याचं प्रमाण मनगटाच्या गटात थोडं कमी होतं. बहुधा रक्तस्राव कमी म्हणून बीपी पडत नाही, आणि जांघेतून जाताना नळी किडनीच्या धमन्यांवरून पुढे सरकते, तिथला कचरा निसटून किडनीत जायची भीती असते, हातातून जाताना ती वाट लागतच नाही. म्हणजे किडनी वाचवायची तर मनगट, आणि किडनी गेली तर लागणारी धमनी वाचवायची तर जांघ. हे त्रांगडं आहे. आणि माणूस उजवा असेल तर फिस्टुला डाव्या हातात करतात, मग उजव्या मनगटातून अँजिओ का नको?

कॅथलॅबी
बरोबर आहे, आणि आमच्याकडेही यावर डॉक्टरांची कॅथ लॅबमध्येच जुंपते. उजवं मनगट घ्या म्हणणारे आहेत. नको म्हणणारे म्हणतात की एका हातातला फिस्टुला गेला की दुसऱ्या हाताकडे यावं लागतं, शुगरवाल्या बारीक बाईच्या हातात आधीच कितीशा जागा, एक का घालवा. आम्ही तरी ज्यांचं डायलिसिस डोळ्यांसमोर दिसतंय त्यांची दोन्ही मनगटं सोडतो. ज्यांचं क्रिएटिनिन नुसतं जरा वर आहे आणि वर्षानुवर्षं तिथेच आहे त्यांची मनगटातून करतो.

@कृष्णाकाठ, १.७ वरून २.४ हे दोन वर्षांत. तुमच्या आईंचं कुठल्या खात्यात पडतं ते किडनीवाल्यांनीच सांगायचं. दोन्ही डॉक्टरांना एकदा फोनवर बोलायला लावा. दोघांच्या मध्ये फाईल घेऊन पळणारा मुलगा हा सगळ्यात कच्चा दुवा असतो (अनुभव).

झुळूक
मी वाचलं होतं की आता मनगटाच्याही पुढे, अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा असतो तिथून करतात. अंगठा ताणून वर केला की दिसतो. त्याला इंग्रजीत तपकिरीची डबी अशा अर्थाचं नाव आहे, कारण साहेब लोक तिथे तपकीर ठेवून ओढायचे.

टेकडीवरचा
आमची आजी चिमटीतून ओढायची. खळगा वाया गेला म्हणायचा.

कॅथलॅबी
हो, तीही कीमेनेय यांचीच करामत, २०१७ ला डाव्या हाताच्या या खळग्यातून केलेल्या केसेस त्यांनी छापल्या आणि मग सगळीकडे पसरलं. फायदा असा की तिथे बंद पडली तरी मनगटातली सहसा चालू राहते. डावा हात पोटावर ठेवून निवांत करता येतं, बायपास झालेल्यांना तर बरंच, कारण छातीतली जी धमनी बायपासला वापरतात ती डावीकडून येते, उजव्या हातातून तिथे पोचायचं म्हणजे पुणे-मुंबई व्हाया नागपूर. पण धमनी तिथे अजून बारीक आणि किडनीवाल्यांना तिथूनही काही जण नकोच म्हणतात, शेवटी धमनी तीच.

खेकडाकरी
बायपासवरून आठवलं, माझ्या मेहुण्याच्या बायपासला पायातली नस आणि हातातली पण धमनी काढून वापरली. ज्या हातातून अँजिओ केली तो सर्जननं घेतला नाही, दुसरा घेतला.

कॅथलॅबी
अगदी. नळी घातलेली धमनी आतून खरवडली जाते, सर्जन तिला हात लावत नाहीत.

शंकासुर
थोडक्यात मनगट एक आणि गिऱ्हाईकं तीन: हृदयवाला, किडनीवाला, बायपासवाला.

मात्राभेद
चार. नाडीचे_ठोके राहिले.

तबलानवाज
पाच!

कृष्णाकाठ
काल मंगळवारी परत गेलो, या वेळी बाबांना आणि बहिणीला घेऊन, म्हणजे पुढचा पेशंट लवकर आत येऊ नये. डॉक्टरांना सरळ विचारलं, कारण किडनी आहे का? ते म्हणाले "मग काय तर! ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) २२ आहे यांचा, आज ना उद्या फिस्टुला लागू शकतो, मनगटं मी राखून ठेवतोय." मी म्हटलं सर हे त्या दिवशी सांगितलं असतं तर मी आठवडाभर झोपलो असतो. ते हसले, आणि मग खरंच वीस मिनिटं दिली. किडनीच्या डॉक्टरांना समोरच फोन लावला. ठरलं असं: जांघेतून, सोनोग्राफीच्या मशीनवर धमनी बघून टोचायची, बारीक शीथ, डाय अगदी कमी, आधी सलाईन चालू, आणि ब्लॉकेज निघालं तरी त्याच वेळी स्टेंट टाकायचा नाही, किडनी सावरली की दुसऱ्यांदा. तारीख तीच, उद्याची.

आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली म्हणजे हात वाचवायला पाय द्यायचा. टोचणारे पुरुष असतील का विचारत होती, डॉक्टर म्हणाले चादर असते आजी, तेवढीच जागा उघडी असते आणि तयारीला सिस्टर असते. तिला तेवढ्यानं बरं वाटलं.

देवघर
सलाईनची सुई तळहाताच्या मागच्या बाजूला लावायला सांगा. कोपर ते मनगट नीला नासू देऊ नका. रक्त काढायलाही तिथूनच.

कृष्णाकाठ
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आभार, मनापासून.

कृष्णाकाठ
धागा वर काढतोय, दोन महिन्यांनी. उशिराबद्दल सॉरी.

अँजिओ झाली, दोन ठिकाणी ब्लॉकेज, एक ८० टक्के. डाय ३० मिली. सिस्टरला सुई हाताच्या मागे लावा म्हटलं तर तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली 'घरात कुणी डायलिसिसवर आहे का?' मी म्हटलं हो, ओळखीच्या ताई आहेत. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी २.६ झालं, आठवड्यानं परत २.४. बारा दिवसांनी स्टेंट टाकला, तोही जांघेतून, दुसऱ्या बाजूनं. डाग पडला पण टेकडीवरच्यांइतका नाही, कच्च्या करवंदाएवढा. आता जिना चढते, परवा दोन मजले चढून वाळवण घातलं आणि वरून मला हाक मारून दाखवलं.

सहा तास आडवं पडणं मात्र भारी गेलं. पाय हलवायचा नाही म्हटल्यावर तिनं हातांनीच काम सुरू केलं, शेजारच्या बेडवरच्या बाईंच्या मुलीसाठी स्थळं मोजत होती बोटांवर. बांगड्या एकही काढावी लागली नाही.

सोनचाफा
आईंना नमस्कार सांगा. स्थळ जमलं का?

कृष्णाकाठ
पत्रिका आलीय घरी. मुलीकडून बोलावणं आहे.

शंकासुर
बघा, एक रात्र जास्त राहिल्याचा फायदा.